न तापणाऱ्या मुलाचं औषध



या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, त्याबद्दल आभार. परिषद पालघर शहरात न भरवता सफाळ्यात भरवलीत, याचा मला त्याहून अधिक आनंद आहे. पश्चिमेला केळवे-माहीमच्या बागायती वाड्या, पूर्वेला तांदूळवाडीचा डोंगर आणि मधून जाणारी लोकल, असं हे गाव. इथून गाडीत बसलं की दीड-दोन तासांत मुंबईतलं मोठ्यात मोठं रुग्णालय गाठता येतं. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र असे पाडे आहेत, जिथून आजारी मूल पावसाळ्यात आधी डांबरी रस्त्यापर्यंत कसं आणायचं, हाच पहिला प्रश्न असतो. १ ऑगस्ट २०१४ ला आपला जिल्हा वेगळा झाला, पण हे अंतर त्या दिवशी मिटलं नाही.

आज मी एका मुलाविषयी बोलणार आहे. त्याला नाव नाही, कारण तुम्ही सगळ्यांनी त्याला पाहिलेलं आहे. वय वर्ष-दीड वर्ष. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे फितीच्या लाल पट्ट्यात. मांड्यांची कातडी सैल झालेली, किंवा उलट पायांवर सूज, जी बघून आजीला वाटतं की नातू भरतोय. आई सांगते की ताप नाही, खोकला जरासा आहे, पण दोन दिवस हा गप्प आहे आणि खात नाही. आपण थर्मामीटर लावतो, तापमान पस्तीसच्या आसपास निघतं. ओपीडीत रांग असते. ताप नाही म्हटल्यावर टॉनिकची बाटली देऊन मूल घरी जातं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

माझं म्हणणं आधीच स्वच्छ सांगते. या जिल्ह्यात अँटिबायोटिकची सर्वांत जास्त गरज ज्या मुलाला आहे, त्याला ते वेळेवर आणि पुरेसं मिळत नाही. ज्यांना गरज नाही, त्यांच्यावर आपण ते इतकं उधळतो की या मुलाच्या वाट्याला येईपर्यंत त्यातला जोर ओसरत चालला आहे. या दोन गोष्टींवर आपण वेगवेगळ्या सभांत, वेगवेगळ्या माणसांसमोर बोलतो. मला त्या आज एकत्र बोलायच्या आहेत.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. २०१६ मध्ये मोखाड्याच्या मृत्यूंनी पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळी एक वाद झाला आणि तो आजही प्रत्येक मृत्यूनंतर होतो. सरकारी कागदावर कारण लिहिलेलं असतं न्यूमोनिया, अतिसार, जंतुसंसर्ग. मोर्चातले कार्यकर्ते म्हणतात, हा भूकबळी आहे. अधिकारी म्हणतात, मूल आजाराने गेलं, उपासमारीने नव्हे. अशा बैठकांना मी बसलेली आहे. कागद खोटा नसतो आणि मोर्चाही खोटा नसतो. उपासमार दार उघडते आणि जंतू आत येतात. स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन या तिघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात हे सविस्तर मांडलं होतं: संसर्गामुळे मूल खंगतं आणि खंगल्यामुळे संसर्ग बळावतो. पाच वर्षांखालच्या जगभरातल्या मृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्क्यांच्या मुळाशी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं कुपोषण असतं, असा २०१३ चा अंदाज आहे. तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहून कुपोषणाचा रकाना कोरा सोडणं ही अर्धी नोंद झाली. ती आपल्या हातून होऊ नये.

आता या मुलाच्या शरीरात काय घडत असतं ते सांगते. हे डॉक्टरांपेक्षा आशाताईंनी ऐकावं असं मला वाटतं, कारण मूल पहिल्यांदा त्यांच्या हाती येतं. दुष्काळात घरातली माणसं दिवा लवकर मालवतात, चूल एकदाच पेटवतात, तसं हे शरीर एकेक खर्च बंद करतं. ताप आणणं हा मोठा खर्च आहे, तो बंद होतो. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, जिथे संरक्षक पेशी तयार होतात, ती आक्रसते. पोटातलं आम्ल कमी होतं, त्यामुळे पाण्याबरोबर गेलेले जंतू जठरात मरत नाहीत. आतड्याचं अस्तर विरळ होतं आणि आतड्यातले जंतू तिथून रक्तात शिरतात. ई. कोलाय, क्लेब्सिएला, साल्मोनेला हे जंतू या मुलांच्या रक्तात सापडतात ते बऱ्याचदा याच वाटेने. त्यांच्याबरोबर स्टॅफिलोकॉकस आणि न्यूमोकॉकसही असतात. गळू झालं तर त्यात पू धरत नाही. न्यूमोनिया असला तरी छाती तितकी उडत नाही. संसर्गाची जी चिन्हं आपण पुस्तकात शिकलो ती सगळी धडधाकट मुलाची होती. या मुलात चिन्हं उरतात तीन: अंग गार पडणं, रक्तातली साखर घसरणं आणि खायची इच्छा मरणं. अशा तीव्र कृश मुलाचा मृत्यूचा धोका चांगल्या पोसलेल्या मुलाच्या अकरा-बारा पट असतो.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची सूचना गेली पंचवीस वर्षं तीच आहे: चिन्हं दिसायची वाट पाहू नका, संसर्ग आहेच असं धरून चाला. गुंतागुंत असलेल्या मुलाला दाखल करून अँपिसिलिन आणि जेंटामायसिन. गुंतागुंत नसलेल्या, भूक शाबूत असलेल्या मुलाला घरीच तोंडावाटे अ‍ॅमॉक्सिसिलिन. आपल्या आरोग्य मंत्रालयाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनाही याच वळणाच्या आहेत.

यावर प्रामाणिक मतभेद आहेत आणि ते लपवण्याचं कारण नाही. मलावीमध्ये २,७६७ मुलांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसता आहार आणि औषधासारखं दिसणारं निरुपद्रवी पातळ दिलं, त्यांच्यात ७.४ टक्के मुलं दगावली. अ‍ॅमॉक्सिसिलिन घेणाऱ्यांत ४.८ टक्के. म्हणजे शंभरामागे दोन-तीन मुलं वाचली, तीही जगातल्या अतिशय स्वस्त औषधाने. तीन वर्षांनी नायजरमध्ये, २,४१२ मुलांवर, तसाच अभ्यास झाला. तिथे बरं होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, फक्त रुग्णालयात हलवाव्या लागणाऱ्या मुलांची संख्या कमी झाली. मलावीच्या त्या मुलांमध्ये सूज असलेली मुलं फार होती, एचआयव्हीचं प्रमाणही मोठं होतं. आपला पालघर या दोहोंपैकी कुणासारखा? माझा कल देण्याच्या बाजूने आहे. नायजरमध्ये मुलांना दर आठवड्याला तपासणारा माणूस होता. आपल्याकडे मूल पुढच्या आठवड्यात दिसेल याची खात्री नसते. वीटभट्टीचा मुकादम येतो आणि अख्खं कुटुंब वसई नाहीतर भिवंडीकडे जगायला जातं. जिथे नजर ठेवता येत नाही तिथे औषध रोखून धरण्याची चैन परवडणारी नाही.

पण नायजरच्याच मुलांवरचा दुसरा निष्कर्ष मला झोपू देत नाही. आठवडाभर अ‍ॅमॉक्सिसिलिन घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या आतड्यात असे जंतू नव्याने आले, जे सेफॅलोस्पोरिन गटातल्या औषधांनाही दाद देत नाहीत. औषध न घेतलेल्यांत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होतं. त्याच देशातल्या एका पोषण पुनर्वसन केंद्रातला २०११ चा अहवाल तर आणखी बोलका आहे. दाखल होताना ३१ टक्के मुलांच्या शौचात असे जंतू होते. उरलेल्यांपैकी जी मुलं पुन्हा तपासली, त्यातल्या ९४ टक्क्यांना ते केंद्रात राहिल्यावर लागले. म्हणजे जिथे आपण मुलाला वाचवायला आणतो, त्याच खाटेवर तो जंतू त्याची वाट पाहत असतो. यावरून मी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. भूक-चाचणीत पास होणाऱ्या, म्हणजे भूक शाबूत असलेल्या मुलाला रुग्णालयात आणू नये. त्याच्यावरचे उपचार पाड्यातल्या ग्राम बाल विकास केंद्रात, आईच्या मांडीवर व्हावेत. आणि ज्याला आणावंच लागतं, त्याच्या खोलीत एका खाटेवर दोन मुलं नसावीत, नळाला पाणी असावं, पाण्याशेजारी साबण असावा. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मला व्यासपीठावरून बोलावं लागतं याचं दुःख आहे, पण बोलणार.

आता गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथे दाखवलं की गावातला आरोग्यदूत, दाई, थोडं शिकलेली माणसं मुलाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखू शकतात आणि को-ट्रायमोक्साझोलच्या साध्या औषधाने तो बरा करू शकतात. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते आलं. त्यांच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाले होते. पुढे १९९९ मध्ये त्यांनी ३९ गावांतल्या नवजात बाळांचा अभ्यास मांडला. घरोघर जाणाऱ्या आरोग्यदूत बायांनी जंतुदोष ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि को-ट्रायमोक्साझोल दिलं, बाळाला ऊब दिली, आईला दूध पाजायला शिकवलं आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. जगाने हे महाराष्ट्राकडून घेतलं. आज तुम्ही आशाताई नवजात बाळाच्या घरी ज्या फेऱ्या मारता, त्यांची मुळं तिथे आहेत.

त्या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. को-ट्रायमोक्साझोल जगभर इतकं वापरलं गेलं की न्यूमोकॉकस आणि ई. कोलाय यांनी त्याला जुमानणं हळूहळू सोडून दिलं; यालाच प्रतिरोध म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने न्यूमोनियासाठी पहिलं औषध म्हणून ते बाजूला ठेवून अ‍ॅमॉक्सिसिलिन आणलं. केनियात १,७७८ तीव्र कुपोषित मुलांना सहा महिने रोज को-ट्रायमोक्साझोल देऊन पाहिलं, त्याचा निकाल २०१६ मध्ये आला, आणि मृत्यू कमी झाले नाहीत. त्याची कारणं अनेक असतील, प्रतिरोध हे त्यातलं एक असावं असं मला वाटतं. चार आण्यांची गोळी गेली. तिच्या जागी आलेलं औषधही तसंच गेलं तर पुढचं औषध इंजेक्शनचं असतं, त्यापुढचं सलाईनमधून द्यायचं असतं, आणि ते नाशिकला, सिल्वासाला, वलसाडला किंवा मुंबईला मिळतं. शहरातल्या माणसाला प्रतिरोध म्हणजे महागडं बिल. मोखाड्यातल्या आईला प्रतिरोध म्हणजे प्रवास, आणि तो प्रवास बहुतेकदा होत नाही.

हे दूरचं भय नाही. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जंतुदोष झालेल्या बाळांत सापडलेल्या असिनेटोबॅक्टर जंतूंपैकी ८२ टक्के आणि क्लेब्सिएलापैकी ५४ टक्के अनेक औषधांना दाद न देणारे होते. जगात २०१९ या एका वर्षात १२ लाख ७० हजार माणसं थेट प्रतिरोधामुळे गेली, असा हिशोब आहे. त्यातलं दर पाचवं मूल होतं, पाच वर्षांखालचं.

मग ही औषधं संपवतं कोण? तो कुपोषित मुलगा नव्हे. त्याच्या वाट्याला आयुष्यात एखादा कोर्स आला असेल, तोही अर्धा. साध्या सर्दीला अ‍ॅझिथ्रोमायसिन, पाण्यासारख्या जुलाबाला सेफिक्सीम, पहिल्याच दिवशी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची सुई, हे आपल्या हातून होतं. आई म्हणते सुई मारा, आणि सुई न मारणाऱ्या डॉक्टरकडे पुढच्या वेळी कुणी येत नाही. हा दबाव खरा आहे, मी तो सोसलेला आहे. पण ओआरएस आणि १४ दिवस झिंक यावर बरे होणारे जुलाब आपण अँटिबायोटिकच्या खात्यावर मांडतो तेव्हा ते कर्ज कुणाच्या नावावर चढतं, हे आता आपल्याला माहीत आहे.

औषधविक्रेते मित्रांनो, तुम्हाला इथे बोलावलं ते दोष द्यायला नव्हे. १ मार्च २०१४ पासून औषधविक्रीवरचा शेड्यूल एच-वन हा नियम लागू आहे. सेफिक्सीम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, कार्बापेनेम गट, सगळे त्यात आहेत. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं याची वही तीन वर्षं जपायची आहे. ती वही आपण औषध निरीक्षक येईल म्हणून लिहितो. माझी विनंती आहे, ती एकदा स्वतःसाठी वाचा. एका महिन्यात पाच वर्षांखालच्या किती मुलांना काय गेलं, ते नुसतं मोजा. या जिल्ह्यात प्रतिरोधाची दुसरी कुठलीही प्रयोगशाळा आज इतक्या जवळ नाही. आणखी एक. अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या पावडरची बाटली देताना उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत कसं घालायचं, बाटली किती दिवस चालते, हे दाखवून द्या. त्याहून चांगलं म्हणजे पाण्यात विरघळणारी गोळी ठेवा. पाड्यात फ्रिज नसतो, आणि मोजायचं झाकण पहिल्याच दिवशी हरवतं.

पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन बनू लागलं. सरकारी मालकीचा, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभारलेला. गरिबाच्या मुलाला औषध मिळावं हा त्यामागचा हेतू होता. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने नोबेल स्वीकारताना १९४५ मध्येच बजावलं होतं की कमी मात्रेत घेतलं तर जंतू शहाणे होतील. औषध आणि इशारा, दोन्ही आपल्याकडे जवळपास एकाच काळात आले. आपण औषध घेतलं.

आता मला बोईसरकडे वळायचं आहे. तिथली तारापूर औद्योगिक वसाहत आपल्या जिल्ह्याची रोजीरोटी आहे, इथल्या कित्येकांच्या घरातलं कुणी ना कुणी तिथे कामाला जातं. औषधांचे कच्चे घटक तयार करणारे कारखानेही तिथे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशात सर्वांत वरच्या क्रमांकावर होतं. मांगेला मच्छीमारांना राष्ट्रीय हरित लवादापुढे दाद मागावी लागली. हे सगळं मासळीच्या आणि पाण्याच्या संदर्भात बोललं जातं. मला त्यात एक प्रश्न घालायचा आहे. हैदराबादजवळच्या पटनचेरूत, औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात, २००७ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन मोजलं गेलं. ते लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघालं, औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहून जास्त. अशा पाण्यात जंतू रोज तालीम करतात. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकवर मर्यादा घालणारा मसुदा काढला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा गाळलेल्या होत्या. तारापूरच्या पाण्यात काय आहे याविषयी मी कुणावर आरोप करत नाही. मोजा, एवढंच मागते. नवापूरच्या किनाऱ्यावर, नाल्यांत, खाडीत नमुने घ्या, त्यात अँटिबायोटिकचे अंश शोधा आणि आकडे लोकांपुढे ठेवा. ही मागणी डॉक्टरांनी करायची आहे. ती मच्छीमारांवर सोडून चालणार नाही.

माझ्या मते या लढाईतलं सर्वांत मोठं शस्त्र अँटिबायोटिकच्या कपाटात नाहीच. ज्या मुलाला न्यूमोनिया झालाच नाही, त्याला औषध लागत नाही. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर राष्ट्रीय लसीकरणात आहे, रोटाव्हायरसची आहे, गोवराची तर जुनीच. भट्टीवर गेलेल्या कुटुंबाचं मूल या सगळ्यांतून निसटतं, कारण त्याचं कार्ड गावात असतं आणि मूल वसईत. वसई आणि मोखाडा आता एकाच जिल्ह्यात आहेत. मग एका तालुक्याची अंगणवाडीताई दुसऱ्या तालुक्यातल्या ताईला फोन करून सांगू शकत नाही का, की लाल पट्ट्यातलं माझं एक मूल तुझ्याकडे आलं आहे? काही ताया हे स्वतःहून करतात. त्यांना त्याचा मोबाइल खर्चही मिळत नाही.

आणि अंगणवाडी तर याच मातीतली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, १९५७ मध्ये ते कोसबाडला आलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेऊ, हा विचार इथून देशभर गेला. अक्षरांच्या आधी मुलाची अंघोळ, स्वच्छता, खाणं, हा त्या कामाचा भाग होता. स्वच्छ हात, स्वच्छ पाणी, पोटभर जेवण: प्रतिरोध रोखण्यासाठी आज जे सांगितलं जातं, ते कोसबाडच्या टेकडीवर सत्तर वर्षांपूर्वी चालू होतं.

तरीही महाराष्ट्रात पाच वर्षांखालचं दर चौथं मूल कृश आहे आणि दर नववं तीव्र कृश. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत हे आकडे २५.६ आणि १०.९ टक्के आहेत. देशाचा तीव्र कृशतेचा आकडा ७.७ आहे. श्रीमंत म्हणवणाऱ्या राज्याचा आकडा देशाहून वाईट आहे, आणि यात जव्हार-मोखाड्याबरोबर मुंबई-पुण्याची मुलंही आहेत.

संध्याकाळच्या बैठकीत मी तीन ठराव मांडणार आहे. लाल पट्ट्यातल्या प्रत्येक मुलाच्या वजनानुसार अ‍ॅमॉक्सिसिलिनचा पूर्ण कोर्स उपकेंद्रात कायम शिल्लक असावा आणि तो दुसऱ्या कुणासाठी वापरला जाऊ नये. दाखल झालेल्या तीव्र कुपोषित मुलाचं रक्त, पहिलं इंजेक्शन देण्याआधी, कल्चरसाठी घेतलं जावं आणि नमुना प्रयोगशाळेपर्यंत नेण्याची गाडी जिल्ह्याने द्यावी; त्यातून वर्षभरात आपल्याला आपले स्वतःचे जंतू कळतील, दिल्लीचे आणि नायजरचे उसने घ्यावे लागणार नाहीत. तिसरा ठराव तारापूरच्या पाण्याचा. त्यावर वाद होईल याची मला कल्पना आहे, आणि व्हावा.

पहिल्या सत्रात भूक-चाचणी कशी घ्यायची याचं प्रात्यक्षिक आहे. ते जव्हारच्या अंगणवाडीताई दाखवणार आहेत, डॉक्टरांनी पुढच्या रांगेत बसावं. सत्र सुरू करू या.